इटलीत भरलेली ओटी

मनीषाचा फोन आला तेव्हा मी मंचरला घरी मेथी निवडत बसले होते. “काकू, आत्या गेल्या,” एवढंच म्हणून ती रडायला लागली. मनीषा म्हणजे माझ्या जुन्या मैत्रिणीची, अक्कांची, सून. सकाळी चहा घेता घेता पडवीतच अक्कांची मान कलली होती. त्यांच्या गावी, अवसरी बुद्रुकला, पोचेपर्यंत रिक्षात मला मात्र वेगळ्याच अक्का दिसत राहिल्या... इटलीतल्या आगगाडीत खिडकीच्या काचेला नाक लावून बसलेल्या. आता महिना उलटून गेला, तरी आठवण निघाली की तेच चित्र आधी येतं.

आम्ही दोघी इटलीला जाऊन आलो हे अजून काहींना खरं वाटत नाही. अक्कांची लेक वैशाली इथंच इंजिनिअर झाली आणि नोकरीला मिलानला गेली. तिनं आईला बोलावलं, तर अक्कांनी अट घातली, “शैला आली तर येते. तू जाशील हापिसात, मग मी बोलू कुनाशी?” माझ्या ह्यांना गुडघ्यांनी घरी बसवलेलं. ते म्हणाले, “जा, दोघी मिळून तो देश हलवून या.” आणि आम्ही खरंच गेलो.

अक्कांसारखं देश बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मिलानमध्ये उभ्याउभ्या कॉफी पिऊन पळणारी माणसं बघून म्हणाल्या, “समदं गाव आळेफाट्यावर एस्टीची वाट बघत असल्यावानी!” मिलानच्या बाहेर गाडी निघाली आणि दोन्हीकडं पाण्यानं भरलेली भातखाचरं लागली, तशा त्या उठूनच उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर भीमाशंकरच्या बाजूचं, भाताचं. “अगं, ह्ये तर आमच्या माहेरचं रान!” व्हेनिसला म्हणाल्या, “पानी लई, पन गुरांना पाजायच्या कामाचं न्हाई.” फ्लॉरेन्समध्ये ते उघडे संगमरवरी पुतळे बघून मी उगाच छताकडं बघत होते. अक्का सरळ जवळ गेल्या, पुतळ्याच्या पायावरच्या शिरा निरखून आल्या आणि म्हणाल्या, “काय हात आसंल त्या मानसाचा!” मला माझीच लाज वाटली. रोमला मात्र त्या दमल्या, चिडल्याही. जसजसं खाली दक्षिणेत उतरलो तशी माणसं सैलावली, संध्याकाळी गल्लीत खुर्च्या टाकून बसलेली दिसायला लागली, आणि अक्कांचा जीव रमला.

बारी शहराजवळच्या एका खेड्यात आम्ही मारिया नावाच्या बाईंकडं उतरलो होतो. वयानं अक्कांएवढ्याच असतील. सकाळी दारात पाट मांडून त्या कणकेचे बारके तुकडे अंगठ्यानं दाबून वाट्या करत बसायच्या. “ह्या तर नखुल्या!” म्हणत अक्का शेजारी बसल्याच. लग्नाच्या वळवटाला, म्हणजे खिरीसाठी शेवया-बोटव्या वळायला, आपल्याकडं बायका जमून करतात तशाच. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण परात भरली.

निघायच्या दिवशी मारियाबाईंची ओटी भरायची ठरवली. खण मंचरहून नेलेला, नारळ मिलानच्या दुकानातला. अक्कांचे यजमान तरुणपणीच गेलेले, त्यामुळे ओटीची वेळ आली की त्या आपणहून बाजूला व्हायच्या. तिथंही झाल्या, जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी कुंकू लावायला बोट उचललं आणि वैशाली हळूच म्हणाली, “शैलाकाकू, यांचे यजमान कधीच वारलेत.” तिथल्या कुणाच्याच गळ्यात मंगळसूत्र नाही, मला कसं कळावं? माझा हात हवेतच राहिला. मारियाबाई हसऱ्या चेहऱ्यानं ॲप्रन पसरून समोर उभ्या.

अक्का आत आल्या. माझ्या हातातला नारळ घेतला. “सर बाजूला. आमचं दोघींचं जमंल.” त्यांनी मारियाबाईंना कुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ सगळं ॲप्रनमध्ये घातलं. बाईंना वाटलं, ही देवघेवच असणार. त्यांनी परातीतल्या वाळलेल्या नखुल्या ओंजळ भरून उचलल्या आणि अक्कांपुढं धरल्या. अक्का क्षणभर थबकल्या... मग त्यांनी पदर पसरला. किती वर्षांनी त्यांच्या पदरात कुणी काही घातलं होतं! मी आणि वैशाली जिन्यात जाऊन रडलो. अक्का रडल्या नाहीत. बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, “आता माझ्या घरातनं कुनी बाई मोकळ्या पदरानं जायची न्हाई.”

आणि तसंच झालं. सवाष्ण असो, विधवा असो, शेतावर कामाला आलेली असो, अक्का सगळ्यांची ओटी भरायच्या. “इटलीला जाऊन डोकं फिरलं म्हातारीचं,” असं गावात बोललं गेलं. अक्कांनी ते हसण्यावारी नेलं. पुढं माझे हे गेले. मी कुठं जाईनाशी झाले. अक्कांनी बोलावून घेतलं आणि निघताना ताट घेऊन समोर उभ्या. “अक्का, आता मला नको,” मी म्हटलं. “का? मारियाला चाललं, तुला चालत न्हाई व्हय?” त्या दिवशी त्यांनी मला माणसांत परत आणून बसवलं.

परवा मनीषाला भेटायला गेले. बोलणं झालं, चहा झाला. उठले, पण पाय निघेना. आता हे घरही इतर घरांसारखंच होणार, असं वाटत होतं. ओटी मागून घेणं बरं दिसत नाही, म्हणून चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. सरतेशेवटी फाटकाची कडी काढली, तोच मनीषाचा आवाज आला.

“काकू, अशाच निघालात व्हय? आत्या मला घरात घेतील का?”

तिच्या हातात ताट होतं. मी पदर पसरला.