पाठमोरी घरं

पडदा खाली सुटला आणि पुढं टाळ्या पडल्या. मी मागं होतो. दोर खुंटीला गुंडाळून उभा. टाळ्या पडद्याला होत्या, आणि पडदा मी रंगवला होता. वरच्या ढगापासून खालच्या धुळीपर्यंत सगळा.

पुढं नाटकघरात मास्तर पाहुण्यांशी इंग्रजीत बोलत होते. मला इंग्रजी येत नव्हतं, पण नाव कुठल्याही भाषेत कळतं. त्यांच्या चित्रशाळेतल्या मनोहरचं नाव तीनदा आलं. माझं एकदाही नाही. मनोहरनं त्या पडद्याला हात लावला होता तो फक्त रंग वाळलाय का बघायला.

सकाळीच मास्तरांनी मला बजावलं होतं, "आज तू पडद्यापुढं यायचं नाहीस. सरसाचा वास येतो तुझ्या अंगाला."

वास येत होता, खोटं कशाला बोलू. पण तो का येत होता तेही ऐका.

नाटकाच्या पडद्याचा रंग नुसत्या पाण्यात कालवून कापडावर धरत नाही. त्यात सरस घालावा लागतो. सरस म्हणजे जनावराची कातडी नि हाडं उकळून केलेला चिकट पदार्थ. मास्तरांच्या चित्रशाळेत सात मुलं होती. कुणी वकिलाचा, कुणी इनामदाराचा. ती कागदावर डिंकाच्या रंगांनी नाटकातले देखावे काढायची. सरसाला त्यांच्यातलं कुणी शिवायचं नाही. विटाळ होतो म्हणे. मग तो शिजवायला मी. चूल मागच्या अंगणात, पाण्याचं मडकंही तिथंच, वेगळं. आणि गंमत बघा. मी शिजवलेला सरस एकदा रंगात मिसळला की तोच रंग सगळ्यांना चालायचा. मधल्या मधे विटाळ कुठं जायचा कोण जाणे.

मी मिरजेजवळच्या खेड्यातला. जातीनं मांग. आई घायपाताच्या वाखाचे दोर वळायची. सांगलीच्या एका नाटक कंपनीला पडदे ओढायला दोर लागायचे, ते पोचवायला मी यायचो. तिथं मास्तर पडदे रंगवत होते. मी बघत उभा राहायचो, हाकललं तरी परत यायचो. एक दिवस मास्तरांनी माझ्या हातात कुंचला दिला.

मास्तर वाईट नव्हते, हे मी आजही म्हणतो. लांबचं घर लहान कसं काढायचं, ऊन इकडून आलं तर सावली कुठं पडते, हे त्यांनीच मला शिकवलं. फक्त शिकवताना ते उंबऱ्याच्या आत असायचे आणि मी बाहेर. मागं पडदे रंगवायची पत्र्याची शेड होती. तिथं मला मज्जाव नव्हता, कारण तिथं काम होतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लढाईपायी आपला देश सोडून एक युरोपी बाई मुंबईत येऊन राहिली होती. तिकडच्या मोठमोठ्या नाटकघरांचे देखावे तिनं उभे केलेले. मास्तरांनी तिला पत्रांवर पत्रं लिहिली. अखेर ती सांगलीला यायला कबूल झाली. मुलांचं काम बघणार, एकाला निवडून वर्षभर हाताखाली शिकवणार, आणि लढाई संपली की तिकडच्या कलावंतांना त्याच्यासाठी ओळखीची पत्रं देणार.

मास्तर मला म्हणाले होते, "तुझंही नाव घालतो बाईंच्या कानावर."

ह्या एका वाक्यावर मी चार महिने जगलो. एका जागी बूड टेकेना. भाकरी खाता खाता उठायचो आणि कोळशानं भिंतीवर काहीतरी ओढत बसायचो. गावी जाऊन आईला सांगितलं. तिनं हातातला पीळ सोडला नाही. म्हणाली, "लय उडू नगंस. दुसऱ्याच्या तोंडानं आपलं सांगनं कवाच पुरं व्हत न्हाई." मला तिचा राग आला. जुनं माणूस, हिला काय कळतंय, असं वाटलं.

बाईंना दाखवायला एक नवा पडदा करायचं ठरलं. खेडेगावाचा. मास्तर मुंबईला गेले आणि काम मुलांवर सोपवून गेले. मुलं दोन दिवस येऊन नुसती बसली. शेडमध्ये पत्रा तापतो म्हणून तिसऱ्या दिवसापासून कृष्णेवर पोहायला जाऊ लागली. मनोहर म्हणाला, तू भरून ठेव, आम्ही वरून हात फिरवू. मी भरला. गाव काढायचं होतं, मी माझं गाव काढलं. हात फिरवायला कुणी आलं नाही. मास्तर परतले, पडद्यापुढं बराच वेळ उभे राहिले. "छान उतरलंय," म्हणाले. कुणाच्या हातचं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, माझा हात त्यांनीच घडवला होता.

तर त्या दिवशी मी मागं उभा होतो. टाळ्या थांबल्या आणि बाईनं काहीतरी विचारलं. मनोहरला तिचे उच्चार उमगेनात. मग मास्तरांनी त्याला मराठीत विचारलं, "मनोहर, बाई विचारतात, ह्या गावात एकाही घराला दार कसं नाही?"



मला ते ठाऊकच नव्हतं. पडदा पुरा होऊन महिना झाला होता आणि माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी डोळे मिटून आपलं गाव आठवलं. मांगवाड्यातून दिसतं तसं. भिंतींच्या पाठी. मोऱ्यांची भोकं. उकिरडे. वाळत लावलेल्या शेणी. दारं सगळी पलीकडच्या बाजूला. त्या गल्लीतून मी फुरसतीनं कधी चाललोच नव्हतो. गेलो तर खाली मान घालून, डोक्यावर दोरांचं ओझं घेऊन. माणूस बघितलेलंच काढतो. जन्मभर गावानं मला पाठच दाखवली होती, आणि मी ती मन लावून रंगवली होती. आधी लाज वाटली. मग लाज कुठल्या कुठं गेली आणि नुसता संताप राहिला.

पुढं मनोहर म्हणत होता, "ती एक नवी पद्धत आहे, सर."

माझ्या जन्माला तो नवी पद्धत म्हणत होता. मी पडद्याच्या कडेनं पुढं आलो. पाहुणे, मुलं, खुर्च्या, सगळं एकदम दिसलं. मध्ये ती बाई, आखूड केसांची, उन्हानं लाल झालेली.

"आवं मास्तर," मी म्हणालो, "त्यो पडदा मी रंगवलाय. घरांस्नी दारं न्हाईत, कारन आमच्या वाड्यातनं गावाची दारं दिसतच न्हाईत. नुसती पाठ दिसती. हे बाईस्नी सांगा."

एक मुलगा फिसकन हसला. मास्तरांचा चेहरा उतरला. बाई माझ्याकडं बघत होती, मास्तरांनी काय ते सांगावं म्हणून थांबली होती. मास्तर बोलले. माझं बोलणं मोठं होतं, त्यांचं चार शब्दांत आटोपलं. त्यातला एक शब्द मला कळला. मिरज स्टेशनावर रोज ऐकलेला. कुली.

बाईनं माझ्या हातांकडं बघितलं. नखांत निळा रंग होता. मग ती बोलू लागली. बरंच बोलली. बोलताना दोनदा तिनं पडद्याकडं बोट केलं. मास्तर मान हलवत राहिले आणि शेवटी मला म्हणाले, "बाई म्हणतात, सरस शिजवायला त्यांना माणूस हवाच आहे. मुंबईला ये. खाऊनपिऊन ठेवतील."

ती तेवढंच म्हणाली का? की आणखी काही म्हणाली? मला आजतागायत कळलेलं नाही. आई बोलली होती तेच झालं होतं.

खोटं नाही सांगत, क्षणभर मन हललं. मुंबई. मोठी नाटकघरं. चुलीपाशी का होईना. पण तिथंही चूल मागंच असणार होती.

"न्हाई," मी म्हणालो. "सरस शिजवायला म्या येनार न्हाई."

"उपकारांची ही फेड," मास्तर हळूच म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "जा. पडदा वर घे."

मी मागं गेलो. खुंटीचा दोर सोडला, पडदा अर्धा गुंडाळत वर घेतला. खालचा बांबू हवेत डुलत होता. दोर आईनं वळलेला होता. मनोहर कडेलाच उभा होता. आजवर मी त्याला अहोजाहो करत आलो होतो.

"मनोहर, धर."

त्यानं नकळत धरला. मी म्हणालो, "पडदा तुजा हाय न्हवं? मग दोरबी तूच वड."

आणि हात काढून घेतले. त्याच्याच्यानं वजन पेललं नाही. दोर त्याच्या तळव्यांतून सरसरत गेला, बांबू धाडकन खाली आला. कुणाला लागलं नाही. धूळ तेवढी उडाली. मी खुर्च्यांमधून चालत गेलो आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो. त्या दारानं मी आधी कधी आत गेलो नव्हतो आणि बाहेरही पडलो नव्हतो.

बाईनं मनोहरला निवडलं. त्याचं पुढं काय झालं, मी विचारायला गेलो नाही.

मी गावी परतलो. पहिलं काम केलं ते इंग्रजीचं. मिरजेच्या एका इस्पितळातल्या कंपाउंडरापाशी बसून अक्षर अक्षर शिकलो. रोज दोर विकायचे आणि पाठ गिरवायचे. माझं सांगणं मी आता दुसऱ्याच्या तोंडी देणार नाही. देशी माणसाच्या नाही आणि परदेशी माणसाच्याही नाही. मांगवाड्यातली पोरं-पोरी माझ्याकडं रंग कालवायला शिकतात. पडदा पुरा झाला की काढणाऱ्यानं कोपऱ्यात आपलं नाव लिहायचं, हा आमचा नियम. नाव लिहिल्याशिवाय मी दोराला हात लावू देत नाही.

गाव मात्र मी अजून तसंच काढतो, पाठमोरं. दारं मला काढता येतात. काढत नाही. ज्याला विचारायचं असेल, दारं कुठं आहेत, त्यानं विचारावं. उत्तर द्यायला मी पडद्यापुढं उभा आहे.