दोन आवृत्त्या आणि शून्य टक्के

वय बेचाळीस, पण ऑफिसात सगळे त्यांना काकूच म्हणतात. काम जावा या संगणकभाषेत टेस्ट लिहायचं: प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीनं लिहिलेली फाइल नवी आवृत्ती नीट वाचते का, ते तपासायचं. म्हणजे एकाच टेस्टमध्ये दोन्ही आवृत्त्या लोड करायच्या. तीन वर्षं खपून काकूंनी अशा दोनशे टेस्ट उभ्या केल्या. सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास.

मंगळवारी साहेबांनी कव्हरेजचा रिपोर्ट समोर आपटला. टेस्टनी कोडच्या किती ओळी चालवल्या, त्याचं मोजमाप. नवी आवृत्ती: शून्य टक्के.

"काकू, तुमच्या टेस्ट काहीच चालवत नाहीत. सोमवारी नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जातेय, त्याआधी या टेस्ट काढून टाकू."

"शून्य कसं असेल हो? एकाच नावाचे दोन क्लास दिसले की रिपोर्ट गोंधळतो, त्यात माझा काय दोष?"

झालं! सेटिंग बदला, चालवा, चाळीस मिनिटं ताटकळा, परत शून्य. मेलं ते शून्य! घरी नवऱ्यानं "किती वाढू?" विचारलं, तर त्याच्यावर खेकसल्या, "शून्य टक्के वाढा!" बिचाऱ्यानं मुकाट्यानं भात वाढला.

शुक्रवारी दुपारी त्यांना उमगलं, की कव्हरेज मोजणारं टूल क्लासला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, नावावरून नाही, आतल्या मजकुरावरून ओळखतं. मग त्यांनी रिपोर्टला दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या दाखवल्या. जुनी: चौऱ्याऐंशी टक्के. म्हणे काहीच चालवत नाहीत!

नवी: शून्य.

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. आवृत्त्या लोड करणारा कोड त्यांनीच लिहिलेला. नवी मागितली, की तो आधी त्या नावाचं काही जवळ आहे का ते बघायचा, आणि जवळ असायची जुनी. तीच द्यायचा. तीन वर्षं जुनीनं लिहिलं आणि जुनीनंच वाचलं. हिरवं होणार नाही तर काय!

स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना. चौऱ्याऐंशीचा आकडा दाखवून साहेबांचं तोंड बंद करता आलं असतं. पण काकूंनी चार ओळी दुरुस्त केल्या, टेस्ट पुन्हा लावल्या आणि साहेबांना बोलावून आणलं.

नवी: एकोणऐंशी टक्के. एकसष्ट टेस्ट लाल: तिथं नवीला जुनीच्या फाइली नीट वाचताच येत नव्हत्या.

"चूक माझीच," काकू म्हणाल्या. "काढा आता. टेस्ट काढा, मलाही काढा."

साहेबांनी ती लाल यादी खालपर्यंत वाचली. मग त्यांनी फोन उचलला.

"सोमवारचं थांबवा," ते पलीकडच्याला म्हणाले. "काकूंच्या टेस्ट पास होत नाहीयेत."