आक्का किल्ली घेऊन आली तेव्हा

बाळ्या म्हटलं की एखादं शेंबडं पोर डोळ्यांसमोर येतं. हा बाळ्या सत्तरीला टेकलेला आहे आणि डोक्यावर केस औषधालाही उरलेले नाहीत. पंचेचाळीस वर्षं तो कुलपं दुरुस्त करतो. सगळा बाजार त्याला किल्लीवाले काका म्हणतो. बाळ्या म्हणणारं माणूस जगात एकच, त्याची थोरली बहीण आक्का.

दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने बाहेर ताटकळायचं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस, फळीवर किल्ली आवळून धरायचा शिकंजा, हाताशी लहानमोठ्या चार कानशी, आणि खाली लोखंडाचा बारीक भुगा, जो त्याच्या नखांतून कधी गेला नाही आणि बायकोच्या मते कधी जाणारही नाही. हात असा की, किल्ली न बघता नुसतं कुलूप कानाशी धरून सांगेल आत काय मोडलंय. तोंड मात्र देवाने देताना हात आखडता घेतला. गिऱ्हाईक दहा वाक्यं बोललं की हा एक बोलणार, आणि तेही बहुतेक ‘उद्या या’ एवढंच.

आई गेली तेव्हा बाळ्या सहा वर्षांचा होता आणि आक्का सतराची. तिने त्याला भरवलं, धुतलं, बदडलं, शाळेत नेऊन बसवलं. स्वतःचं लग्न लांबवत लांबवत तिशीपर्यंत नेलं, कारण कोण काय करील बाळ्याचं? पुढे हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिने जन्म काढला. आणि तीस वर्षं मंडळीचं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचं, चर्च तिने उघडलं. शनिवारी दुपारी झाडलोट, रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी दार उघडायचं. याचा कुणी तिला पगार दिला नाही, तिने मागितला नाही. चर्चच्या दाराला दोनच किल्ल्या होत्या. एक पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, आणि एक आक्काच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली.

आता पाळकसाहेबांबद्दल. पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माणूस वाईट नव्हता. पस्तिशीत बाळ्या दारूच्या नादी लागला. साधासुधा नाही, पार गळ्यापर्यंत. बायको माहेरी निघून गेली. आक्काने रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, दार बंद करून पाहिलं, उपयोग शून्य. मग हे पाळकसाहेब रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायला लागले. उपदेशाचा एक शब्द नाही. दुकान बंद होईपर्यंत बसायचे आणि मग त्याला लांबच्या रस्त्याने घरी पोचवायचे, कारण जवळच्या रस्त्यावर दारूचं दुकान होतं. सलग आठ महिने. नवव्या महिन्यात बायको परत आली. बाळ्या पहिल्यांदा आपणहून गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तेव्हापासून पाळकसाहेब म्हणतील ती पूर्व दिशा.

म्हणजे एकीने वाढवलेला आणि दुसऱ्याने वाचवलेला असा हा माणूस. दोघं एका बाजूला होती तोवर सगळं सुरळीत होतं. बाळ्या पन्नाशीला आला आणि वरच्या कार्यालयाने पाळकसाहेबांची बदली केली.

त्यांनी जायला नकार दिला. इतकी वर्षं काढली, इथली माणसं माझी, मी हलत नाही. झालं, मंडळीचे दोन तट पडले. काल एका बाकावर बसून गाणारी माणसं आज रस्त्यात दिसली की चपलेचा पट्टा नीट करायला वाकायची. अर्धी म्हणाली साहेबच राहणार, अर्धी म्हणाली हुकूम आलाय तर निघावं. आक्का दुसऱ्या बाजूला. तिचं साहेबांशी वैर नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच की, चर्च कुणा एकाचं नसतं, पाळकांचंही नसतं. ती हे तोंडावर बोलली, साहेबांच्याही. बाळ्या मात्र तळ्यात ना मळ्यात. साहेबांकडे बसला की मान डोलवायचा, आक्काकडे रविवारी जेवायला बसला की तिथेही मान डोलवायचा. दोघांनाही वाटायचं, हा आपलाच.

मग एका शुक्रवारी दुपारी मंडळीचे सेक्रेटरी, साहेबांच्या तटातले, दुकानात आले. नवे पाळक रविवारी येऊन उपासना घेणार आहेत, त्यांना आत शिरता येऊ नये म्हणून त्याआधी दाराचं कुलूप बदलायचं. बाळ्याने विचारलं, साहेबांना माहीत आहे का? सेक्रेटरी म्हणाले, साहेबांनीच तुमचं नाव सांगितलं, बाहेरच्या माणसावर त्यांचा भरवसा नाही. आठ महिने लांबच्या रस्त्याने चाललेली ती पावलं त्याला आठवली. त्याने पेटी उचलली.

चाळीस मिनिटांचं काम. जुनं कुलूप सुटून हातात आलं. त्या कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे त्याला माहीत नव्हतं थोडंच? संध्याकाळी आक्काला सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. संध्याकाळी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथून परत आला. आपण साधं कुलूप बदललंय, आपला धंदाच आहे तो, असं स्वतःला समजावत आला. माणूस स्वतःला समजवायला बसला की काय वाटेल ते पटवून घेतो.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास आक्का दुकानात आली. पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून किल्ली काढली आणि फळीवर ठेवली.

“बाळ्या, बघ रे हिला काय झालंय. तीस वर्षं फिरली, आज फिरत नाही.”

किल्लीला काहीही झालेलं नव्हतं. हे त्याला दिसत होतं. त्या क्षणी त्याने ‘आक्का, कुलूप मी बदललंय’ एवढं म्हणायला हवं होतं. मोजून चार शब्द. किंवा काही न बोलता, घोसातली एक कोरी किल्ली काढून नव्या कुलपाची करून तिच्या हातात ठेवायला हवी होती. दहा मिनिटांचं काम, आणि नव्या खाचा तर त्याच्या डोक्यात पक्क्या होत्या. यातलं काहीच त्याने केलं नाही. त्याने ती धडधाकट किल्ली शिकंज्यात आवळली, बारीक कानस घेतली आणि घासायला लागला. डोळे वर न करता घासत राहिला.

“झिजली होती आक्का. उद्या लागेल.”

“नक्की?”

“नक्की.”

मग आक्काने जेवलास का विचारलं, खोकला कसा आहे विचारलं, आणि किल्ली रुमालात गुंडाळून निघून गेली.

रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांपाशी दोन्ही तटांची माणसं जमली होती. नवे पाळक हातात बॅग घेऊन एका बाजूला उभे. बाळ्या फाटकाच्या खांबाशी, निम्मा आत, निम्मा बाहेर. आक्का सगळ्यांच्या देखत पायऱ्या चढली, रुमाल सोडला, किल्ली घातली. फिरली नाही. तिने पुन्हा घातली, जरा उचलून पाहिली, जरा दाबून पाहिली. कुणीतरी हसलं. तेवढ्यात सेक्रेटरी पुढे झाले, नवीकोरी किल्ली दाखवली आणि म्हणाले, “आक्का, उगाच खटपट करू नका. कुलूप बदललंय. तुमच्या भावानेच बसवलंय, विचारा त्याला.”

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. बाळ्याला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आक्का पायऱ्या उतरली. गर्दीने तिला वाट दिली. त्याच्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, “जेवायला ये. वाट बघते.”

तो गेला नाही. त्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी नाही, आणि मग एकदा न जायची सवय झाली की जाण्यासाठी कारण लागतं. तसं कारण त्याला अठरा वर्षं सापडलं नाही.

बरं, भांडणाचं काय झालं म्हणाल, तर दीड वर्षात पाळकसाहेब स्वतःच दूर कुठेतरी मोठ्या जागेवर निघून गेले. जाताना बाळ्याच्या पाठीवरून हात फिरवून गेले, बस्स. वर्षाच्या आत दोन्ही तट एक झाले. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, एकत्र जेवले, परक्या कारागिराला बोलावून दाराला तिसरं कुलूप बसवलं आणि त्याची किल्ली आक्काच्या हातात दिली. सेक्रेटरीसुद्धा तिच्याशी पूर्वीसारखेच बोलायला लागले. सगळ्या मंडळीत सुटका झाली नाही ती एकट्या बाळ्याची.

तो शेवटच्या बाकावर बसायला लागला. प्रभुभोजनाच्या रविवारी प्रभूच्या नावाने वाटायच्या भाकरीचं ताट त्याच्यापर्यंत आलं की न घेता शेजारच्याकडे सरकवायचा. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस. कसला नम्र! भावंडाशी मन साफ नसताना तो घास गिळायची त्याची हिंमत नव्हती. देवाची माफी मात्र त्याने हजारदा मागितली. रोज गुडघ्यावर बसून तीच माफी, त्याच शब्दांत. मनाला शांती म्हणून नाही. मला विचाराल तर त्यात नवल काहीच नाही. देव समोर खुर्चीत बसून आपल्याकडे बघत नसतो, त्याची माफी मागणं सोपं जातं. बहीण बघते. लग्नात, प्रेतयात्रेत दोघांची गाठ पडायची. ती तब्येत विचारायची, हा ‘बरी आहे’ म्हणून कुणाच्या तरी आड सरकायचा.

यंदा भाचीचा फोन आला. “मामा, आईला कायमची माझ्याकडे घेऊन चाललेय. एकोणऐंशीची झाली, एकटी कशी ठेवू? आज घर रिकामं करतोय. तिने दाराला जास्तीची दोन कुलपं ठोकून घेतली आहेत, घरमालक म्हणतात काढून द्या. येता का दुपारी?” भाचीचं घर दीड दिवसाच्या प्रवासावर. बाळ्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पेटी घेऊन निघाला. अठरा वर्षं सापडलं नव्हतं ते कारण असं फोनवर आलं.

तो पोचला तेव्हा दोन वाजले होते. खोल्यांत बांधलेली खोकी, भिंतींवर तसबिरींचे चौकोनी डाग. मधोमध एका खुर्चीत आक्का, पूर्वीच्या निम्मी झालेली. टेम्पो चारला येणार होता. भाची शेजाऱ्यांकडे सामान द्यायला गेली आणि घरात दोघंच उरली. बाळ्याने कुलपं काढली, स्क्रू डबीत भरले, दाराची भोकं बुजवली. आता हाताला काहीच काम उरलं नाही. तो एका खोक्यावर बसला.

“आक्का, ती किल्ली झिजली नव्हती.”

“माहीत आहे.”

“कुलूप मी बदललं होतं.”

“तेही माहीत आहे. शुक्रवारी हॉस्पिटलमधून येताना मी तुला पाहिलं, चर्चच्या दाराशी गुडघ्यावर बसलेला. आधी वाटलं, काय बाई माझा भाऊ, भर दुपारी प्रार्थना करतोय. मग पेटी दिसली.”

बाळ्याला काही सुधरेना. माहीत होतं, तर ही शनिवारी दुकानात कशाला आली होती? त्याने तेच विचारलं.

“तुझ्या तोंडून ऐकायला. तुला आपणहून सुरुवात करता येत नाही, लहानपणापासून माहीत आहे मला. म्हटलं आपणच काहीतरी निमित्त घेऊन जाऊ. तर तू कानस घेऊन बसलास.” आणि ती हसली. खरंच हसली, दात नसलेलं तोंड उघडून.

“मग रविवारी सगळ्यांसमोर ती लावलीस कशाला? फजिती होणार हे ठाऊक असताना?”

आक्काचं हसू ओसरलं. ती सावकाश म्हणाली, “तू नक्की म्हणाला होतास ना. मला वाटलं, बोलायला जीभ रेटली नसेल, पण घासता घासता तू ती नव्या कुलपाची करून दिली असशील. मला काय कळतं त्यातलं? मी घरी जाताना देवाचे आभार मानत गेले.”

हे ऐकल्यावर मात्र तो कोसळला. खोक्यावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडला. लोकांसमोर तिचा अपमान केला, एवढंच तो अठरा वर्षं उगाळत बसला होता. तिने तिथवर, त्या पायरीपर्यंत आपल्यावर विश्वास ठेवला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. आक्काने त्याला रडू दिलं. मग त्याने कसंबसं विचारलं, “मला माफ करशील?”

“आता काय करायचंय? तेव्हाच केलं, त्याच रविवारी, घरी जाताना. रागात माझा स्वयंपाक बिघडतो, आणि तू जेवायला येणार होतास. तीन वाजेपर्यंत थांबले होते मी. पुढेही कित्येक महिने एक पान जास्तीचं वाढत होते. मग पोरगी ओरडली, म्हणून सोडलं.”

ज्या शांतीसाठी बाळ्याने गुडघे झिजवले, ती मिळाली. खोटं कशाला सांगू, तिथेच त्या खोक्यावर मिळाली. छातीवरचं ओझं उतरलेलं त्याला कळलं. आणि लगेच हेही कळलं की, ती अठरा वर्षं तयारच होती, चार गल्ल्या सोडून एका स्वयंपाकघरात. दर रविवारी जाऊन घेता आली असती.

“पुरे आता,” आक्का म्हणाली. “डोळे पूस आणि बोल काहीतरी. नातवंडं किती झाली तुला? मला धड नावंसुद्धा माहीत नाहीत.”

त्याने डोळे पुसले, खोकं तिच्या खुर्चीजवळ ओढलं आणि थोरल्या नातवापासून सुरुवात केली. उभ्या जन्मात कधी बोलला नसेल इतकं बोलायला लागला. दुसऱ्या नातवापर्यंत आला होता. टेम्पो चारला यायचा होता, तो साडेतीनलाच आला.