तळघरातली बारी

भाऊ पखवाजावर पालथा पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, वाजवणं संपवायची आमची हीच रीत असेल. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. हातात पाण्याचा भरलेला ग्लास होता, त्याच्यासाठीच आणलेला. पखवाज त्याच्या खालून सटकला आणि खुर्चीच्या पायाला जाऊन अडला. मी ग्लास पायरीवर नीट ठेवला आणि मग धावले. दुसऱ्यांच्या घरात इतकी वर्षं काढली की काच फुटू द्यायची नाही हे हातालाच ठाऊक असतं.

"गो आक्का, ह्येचा आंग बघ!" आमचा झांजवाला ओरडला. "तव्यासारख्या तापलाहा!"

मी कपाळाला हात लावला. तापलं होतं, पण घाम नव्हता. तिथे बसलेला प्रत्येक माणूस घामाने निथळत होता आणि हा एकटा कोरडा. तेव्हा मी घाबरले.

हे आखातातल्या रिग्गई भागातल्या एका घराचं तळघर. वर माझी मॅडम राहते. मॅडम अमेरिकन, शाळेत शिकवायची, आता नुसती घरी असते. मी तिच्याकडे बावीस वर्षं स्वयंपाक करते. तिच्या आजोबांचे वडील आयर्लंडहून अमेरिकेला गेले. असे आयरिश वंशाचे अमेरिकन लोक इथे बरेच आहेत, कोणी इंजिनियर, कोणी मास्तर, कोणी नर्स. त्यांचं एक मंडळ आहे आणि ते मॅडमच्या तळघरात जमतं. पैसेवाले उन्हाळा लागला की विमानात बसून जातात. ज्यांना रजा नाही, किंवा जायला घरच उरलं नाही, ते इथे राहतात. उन्हाळ्यातले कार्यक्रम त्यांच्यासाठी. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी चार वाजता लोक यायचे, लिंबाचं सरबत प्यायचे, बटाट्याचे पदार्थ खायचे आणि वाजवायचे. व्हायोलिन, छोटी बासरी, आणि एक मोठ्या खंजिरीसारखं चामड्याचं वाद्य, ते काठीने वाजवतात. गाण्यातलं मला काही कळत नाही. त्यांचं संगीत एकदा सुरू झालं की तेच तेच गोल फिरत राहतं एवढं कळलं. माझं काम वर-खाली करायचं. चौदा पायऱ्या, गुडघे गेलेले.

ते खंजिरीसारखं वाद्य वाजवणारा एक म्हातारा होता. पंच्याहत्तरीचा असेल. बायको गेलेली, मुलगी अमेरिकेत, तो मात्र नोकरी संपल्यावरही इथेच चिकटून राहिला. मंडळात स्वयंपाकघरात येऊन मला "थँक यू" म्हणणारा तो एकटाच. मी त्याला आवडत होते असं काही नाही, त्याला गरम बटाटे ताटात जाण्याआधी हवे असायचे.

मी एकदा बोलून गेले की माझा धाकटा भाऊ पखवाज वाजवतो. भाऊ इथेच मीना अब्दुल्ला नावाच्या गावी तेलाच्या कारखान्यात पाइप जोडायचं काम करतो. कंपनीच्या खोल्यांत आमच्या कोकणातली माणसं आहेत, त्यांचं भजन चालतं. म्हातारा म्हणाला, त्यांना बोलाव. मॅडम म्हणाली, बोलाव. मी म्हटलं, ते येणार नाहीत. ते आले. शुक्रवारी दुसरं करायचंय काय.

आले पाच जण. पेटीवाला बुवा, दोन झांजवाले, एक कोरसला, आणि भाऊ. सगळ्यांनी तेच ते जाड जाकीट घातलेलं, भजनाचं. मी भावाला म्हटलं, "काढ ते. लग्नाक इलंस काय?"

"ह्या घालूनच बसतंव आमी," तो म्हणाला. "गोऱ्यांफुडे काय बनियनवर बसू?"

सकाळी मी स्वतः त्याच्यासाठी कणीक मळून ठेवली होती. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, त्याशिवाय घुमत नाही. म्हातारा नेहमीप्रमाणे लवकर आला होता. तो परातीत बघून म्हणाला, चपाती? मी म्हटलं, ढोलाची चपाती. भावाने कणीक थापताना तो गुडघे टेकून बघत बसला. एक थाप मारून घेतली, मग स्वतःच्या वाद्यावर काठी मारून दाखवली. मग मला म्हणाला, आज बघू, आधी कोण थांबतो.

मी ते भावाला सांगितलं. सांगायला नको होतं.

आमच्याकडे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, त्याला बारी म्हणतात. एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मध्ये जो थांबला तो हरला. पाणी प्यायला पखवाजवाल्याचा हात थांबला तरी लोक हुर्यो करतात. भाऊ लहानपणापासून ह्या बाऱ्या वाजवत आला. त्याला म्हाताऱ्याची गंमत गंमत वाटलीच नाही.

"म्हाताऱ्याक सांग," तो म्हणाला, "आमच्याकडे उजाडापर्यंत चलता."

मी तेही सांगितलं. म्हातारा खूश झाला. मी दोघांच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडे केलं, आणि वर बटाटे बघायला गेले.

साडेचारला वीज गेली. उन्हाळ्यात इथे सगळे एसी एकदम चालतात, मग सरकार एकेका भागाची वीज तासभर बंद करतं. माणसं सरावली आहेत. तळघराला वर छताजवळ लांबट खिडक्या आहेत, उजेड होता. मॅडम म्हणाली, तळघर गारच असतं, तासाभरात येईल. बाहेर पन्नास अंशांची उष्णता, गाडीत बसावं तर गाड्या उन्हात. कोणी उठलं नाही.

वाजवणंही थांबलं नाही. आधी आलटून पालटून चाललं होतं, वीज गेल्यावर दोघं एकदमच वाजवू लागले. लोकांनी खुर्च्या जवळ ओढल्या. एकजण पाय आपटून नाचू लागला. खरं सांगते, चांगलं वाजत होतं. मी सुद्धा एका पायरीवर टेकले, जे मी कधी करत नाही.

मग मॅडमने हवेसाठी वरचं दार उघडलं. मी म्हटलं, "मॅडम, नो. आग येईल." ती म्हणाली, माणसं गुदमरतील. दारातून कोरडी झळ खाली उतरली. ओठ सुकले. वीस-पंचवीस माणसं, एसी बंद, आणि वरून भट्टी.

भाऊ न थांबता मला म्हणाला, "आक्का, पाणी हाड."

मी आणलं. ग्लास त्याच्या मांडीजवळ ठेवला आणि वर गेले. परत आले तर रिकामा. पुन्हा भरला. पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा भरला तोही संपला. मला बरं वाटलं. म्हटलं, पितोय, ठीक आहे. म्हाताऱ्यालाही दिलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. त्याचा हात थांबत नव्हता, कारण माझ्या भावाचा थांबत नव्हता. आणि पाहुणा वाजवतोय तोवर आपण कसं थांबायचं, असं त्यांच्यात असतं. हे मला मॅडमने नंतर सांगितलं. चौथा ग्लास घेऊन मी उतरले तेव्हा भाऊ पडला.

मंडळात एक नर्स होती, चाळिशीची, जाडजूड, हाक मारली तर भिंती हलतील अशी. तिने सगळ्यांना बाजूला केलं. मी पाणी त्याच्या तोंडाला लावायला गेले तर तिने माझा हात झटकला. बेशुद्ध माणसाला पाणी द्यायचं नसतं. तिने जाकीट कात्रीने कापलं. सरबताचा बर्फ होता तो काखेत, मानेला, जांघेत लावला. टेबलावरच्या चादरी भिजवून अंगावर टाकल्या. मला विचारलं, पाणी किती प्यायला?

मी म्हटलं, तीन ग्लास. ठामपणे सांगितलं. मीच तर भरले होते.

तिने फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्यांना तेच सांगितलं.

झांजवाला माझ्याकडे बघत होता. "गो, काय सांगतंस तू? प्यालो खंय तो? एका हातान वाजयत सगळा पाणी फडक्यान कणकेक लावल्यान. कणीक सुकत होती."

मी पखवाज बघितला. कणीक ओली होती, मऊ, नुकती मळल्यासारखी. सतरंजीवर पाणी सांडलेलं. शेजारी भिजवलेलं फडकं.

मी कणीक मळत लहानाची मोठी झाले. आमच्या घरी वडील वाजवायचे, सुकली की पाण्याचा हात मीच लावायचे. गरम वाऱ्यात ती सुकणार हे मला ठाऊक होतं. बारीत बसलेला माणूस पाणी पीत नाही हेही ठाऊक होतं. तरी रिकामा ग्लास बघितला आणि तो प्यायला असं धरून चालले. ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं त्यांच्याकडून ही चूक झाली असती तर निराळं. माझ्याकडून झाली.

मी नर्सला म्हटलं, "नो ड्रिंक. ड्रमला दिलं. वॉटर टु ड्रम." तिला कळेना. मी तिचा हात धरून त्या ओल्या कणकेत खुपसला. मग कळलं. तिने परत फोन लावला.

ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला की नाही, मला सांगता येणार नाही. चौदा पायऱ्यांवरून स्ट्रेचर वर न्यायला चार माणसं लागली. भावाचा एक पाय बाहेर लोंबत होता, मी तो धरून चढले. बुवा खाली बसून रडत होता. मी त्याला म्हटलं, "रडू नकोस. त्याचो मोबाइल आणि सिव्हिल आयडी घे, हॉस्पिटलात मागतीत." कोणीतरी ते बघायलाच हवं होतं.

वरच्या दाराशी पोचलो तेव्हा खालून मॅडमची हाक आली. मला नाही, नर्सला.

म्हातारा त्याच्या खुर्चीतच होता. भाऊ पडला तेव्हा तो तिथेच बसून राहिला होता, भिंतीला डोकं टेकून, वाद्य मांडीवर. आम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून होतो. सगळ्यांना वाटलं, दमलाय, धक्का बसलाय, बसू दे. मॅडम त्याला पाणी द्यायला गेली तर डोळे अर्धे उघडे आणि तो बोलेना.

मी वळून बघितलं, पण खाली गेले नाही. माझा भाऊ स्ट्रेचरवर होता, मी त्याच्याबरोबर गेले.

हॉस्पिटलात मला बाहेर बसवलं. बायकांच्या बाजूला एसी इतका थंड की ओली साडी अंगाला चिकटून मी कुडकुडत होते. एक फिलिपिनो बाई शेजारी होती, तिने शाल दिली. कोणाचं काय झालं हे तिने विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही. मॅडमचा फोन आला, दुसरी ॲम्ब्युलन्स आली, त्यालाही इथेच आणतायत. मी म्हटलं, ठीक. आणखी काय म्हणणार.

भावाला दोन दिवस नळ्या लावलेल्या होत्या. मूत्रपिंडं बंद पडतात की काय असं डॉक्टर म्हणत होता. केरळचा होता, हिंदीत बोलायचा. "अम्मा, आणखी अर्धा तास वाजवलं असतं तर माझ्याकडे आणूच नका म्हटलं असतं." मी त्याला म्हटलं, "त्याला समजवा हे, मला काय सांगता? मी वाजवत नाही." तो हसला. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ बोलला. जीभ जड होती.

"आक्का. पखवाज खंय?"

"मॅडमच्या घरी. कणीक काढून ठेवलंय. नायतर किडे झाले असते."

"आधी कोण थांबलो?"

"तू."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "म्हाताऱ्याक सांग, जिकलंस म्हणान."

त्याला कसं सांगावं ह्याचा मी विचार केला नाही. विचार करून अशा गोष्टी बऱ्या होत नाहीत. मी म्हटलं, "कोणाक सांगू? काल सकाळी गेलो तो. हृदय बंद पडला. त्याचा चेडू अमेरिकेतसून येतासा, त्याका घेऊन जाऊक."

भावाने तोंड भिंतीकडे केलं. सलाइनची नळी ओढली गेली, मी ती सोडवून सरळ केली.

मॅडम मला म्हणते, दोष कोणाचाच नाही. ती चांगली बाई आहे आणि तिला तसं वाटून घ्यायचं आहे, कारण दार तिने उघडलं होतं. मी वाद घालत नाही. आता तळघरात उन्हाळ्यात कोणी जमत नाही. मला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तेवढं दमणं वाचलं.

म्हातारा पंच्याहत्तरीचा होता, तो गेला. माझा भाऊ छप्पन्न वर्षांचा आहे, तो जगला.