दुधीची चकती

बागेच्या फाटकाशी रसाची गाडी लावणाऱ्या मावशी दुधी कापला की त्याची एक पातळ चकती आधी स्वतः चावून बघतात. मगच तो मिक्सरमध्ये जातो. आज न राहवून विचारलं, "मावशी, प्रत्येक दुधी कशाला चाखता?"

"कडू निघाला तर विषच की हो! वरून कुठं कळतं?"

"मग तुम्हाला काही झालं तर?"

"कडू लागला की थुंकून टाकते," म्हणत त्यांनी पुढचा दुधी उचलला.

घरी आईसुद्धा काकडी अशीच आधी चाखायची. आपल्यापर्यंत न पोचलेला किती कडूपणा कुणाकुणाच्या जिभेवर थांबला असेल?

मी पेला तोंडाला लावला. रोज ज्याला नाक मुरडतो तो रस आजही बेचवच होता. किती हायसं वाटलं!