भेग घेऊन पुण्याला

शिवाजीनगरचं तिकीट काढलं तरी एसटीनं आम्हांला वाकडेवाडीत उतरवलं. कंडक्टरला विचारलं, हे असं का? म्हणाला, "स्टँड हलवलंय." परत कधी जाणार? "ते स्टँडलाच विचारा." म्हटलं, आलं पुणं.

माझ्यासोबत कल्पनाताई होत्या, आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. मी गावासाठी अर्ज लिहिणारी, पत्रकं काढणारी. आमचं गाव हिंगोलीकडचं. तिथं पावसाळा सरता सरता जमिनीच्या पोटातून गुडगूड होते (आवाजालाही आणि त्यासोबतच्या हादऱ्यालाही आम्ही हाच शब्द वापरतो). मांडणीवरची भांडी वाजतात, कुत्री केकाटतात आणि म्हाताऱ्यांना लातूरकडचा भूकंप आठवतो. अजून मोठं काही झालेलं नाही. पण कल्पनाताईंची अंगणवाडी भरते एका जुन्या माळवदात (दगडमातीच्या भिंती, वर मातीचंच धाबं). गेल्या खेपेच्या गुडगुडीत त्याच्या मागच्या भिंतीला खालपासून धाब्यापर्यंत भेग गेली. बोट सहज आत जातं.

लेकरं दुसरीकडे हलवा म्हणाल, तर तेही करून पाहिलं. देवळाचा सभामंडप मागितला, तर पंच म्हणाले, घाण होते. लिंबाखाली बसवली, तर पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, नोंदलेल्या जागेबाहेर अंगणवाडी भरवायची नाही. बंदच ठेवली तर आहार बंद, आणि बऱ्याच लेकरांचं दुपारचं जेवण तेवढंच. शेवटी तालुक्याच्या साहेबांपुढे उभ्या राहिलो. साहेब म्हणाले, "धोका आहे असं तुम्ही म्हणता. तज्ज्ञ म्हणतात का? त्यांचं लेखी आणा, मग दुसऱ्या खोलीचं बघू."

तज्ज्ञ पुण्यात असतात, म्हणून पुण्यात आलो. प्रश्न एकच होता, आणि तोही माझा नव्हता, कल्पनाताईंचा होता: लेकरं त्या खोलीत बसवायची का नाही?

कर्वेनगरच्या एका कॉलेजात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सगळ्या शाखांची मिळून परिषद भरली होती. मीच ती शोधून काढली होती. सगळे एका छपराखाली, एका फेरीत काम! गेटवर रखवालदारानं अडवलं.

"डेलिगेट का?"

"नाही. एक प्रश्न विचारायचाय."

"मग जा आत. डेलिगेट कुणी प्रश्न विचारत नाहीत."

आत व्हरांडाभर पोस्टर लावलेली होती, आणि प्रत्येक पोस्टरशेजारी इस्त्रीच्या कपड्यातला एकेक जण. तुळशीच्या पानांपासून चांदीचे अतिसूक्ष्म कण. उसाच्या चिपाडापासून प्लास्टिक. पानाचा फोटो पाहून रोग सांगणारं ॲप. दूरच्या ताऱ्यांचे रेडिओ संदेश. कर्करोगाच्या पेशी, बॅटऱ्या, ड्रोन, मुंग्यांच्या वागण्यावरून ट्रॅफिकचे सिग्नल. खोटं कशाला सांगू, पहिली घटकाभर मी भारावून गेले. माणसाच्या डोक्याला किती वाटा फुटतात! कल्पनाताई मुंग्यांच्या पोस्टरपुढे तर हलायलाच तयार नव्हत्या. तिथल्या मुलाला म्हणाल्या, "लई चांगलं केलं बापा. पण मुंग्यांना घाई नसते, तुमच्या पुण्यात सगळ्यांनाच हाये."

भूशास्त्राचे एक सर सापडले. उमदा माणूस. मोबाइलवर भिंतीचा फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि भिंतीतल्या दगडावर बोट ठेवून म्हणाले, "सुंदर बेसाल्ट आहे हो! आम्ही याचंच वय काढतो. आपल्याला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा."

"मला सोमवारचं विचारायचं होतं सर," कल्पनाताई म्हणाल्या. "सोमवारी अंगणवाडी उघडायची हाये."

सर मनापासून हसले. मग म्हणाले, आवाजाचा विषय भूकंपवाल्यांचा. त्यांनी एका बाईंचं नाव दिलं. बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी एका संस्थेत बसतात.

तिथे पोचेपर्यंत दोन बस बदलल्या आणि एक चुकली. या बाईंवर मला राग काढता येत नाही, हेच मोठं दुखणं आहे. त्यांनी चहा दिला, खारी दिली, सगळं ऐकून घेतलं. आमची गुडगूड म्हणजे बहुधा अगदी छोटे भूकंपच, असं त्यांनी समजावलं. पावसाचं पाणी खडकांच्या फटींतून खोल मुरतं, तिथला दाब वाढतो आणि खडक किंचित सरकतो. कल्पनाताई पुढे सरकून ऐकत होत्या. इतक्या वर्षांत आमच्या गावाला त्या आवाजाचं कारण कुणी बसवून सांगितलं नव्हतं.

"मग मोठा येणार का?"

"ते कुणीच सांगू शकत नाही, ताई."

"बरं. मग भिंत राहील का?"

बाईंनी कप खाली ठेवला. "भिंत माझा विषय नाही हो. माझा विषय जमिनीखालचा. जमिनीवरचं स्ट्रक्चरवाले पाहतात."

परतताना बसमध्ये कल्पनाताई म्हणाल्या, "पोरी, ह्यांनी जमीनसुद्धा वाटून घेतली. वरची एकाला, खालची दुसऱ्याला."

मुक्काम मांजरीला होता, कल्पनाताईंची मावसबहीण मंगल हिच्याकडे. तिच्या दारासमोर उसाचा फड, आणि फडाच्या बांधाला लागून उंचच उंच इमारतींचं काम. मंगलनं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. दिवसभराच्या वणवणीनंतर ती आमटी मी ओरपली, असंच म्हणायला हवं. दुसरी भाकरी ताटात पडली आणि एकदम धम्म झालं. जमीन हादरली, तांब्या कलंडला. मी वर पाहीपर्यंत कल्पनाताई जागेवर नव्हत्या. मंगलची धाकटी पोर काखेला मारून त्या अंगणात पोचल्या होत्या, आणि तिथून ओरडत होत्या, "बाहेर या! मंगल, बाहेर ये!"

"अगं बाई, बिल्डरचा सुरुंग हाय त्यो!" मंगल हसून हसून लोटपोट. "रोजचंच हाय. तळघर खणत्यात."

कल्पनाताई हसल्या नाहीत. पोरीला खाली ठेवलं, आत आल्या, ताटावर बसल्या. घास काही उचलला नाही. मग हळूच म्हणाल्या, "एकच लेकरू होतं म्हणून जमलं."



दुसऱ्या दिवशी सकाळी खराडी. आमच्या तालुक्याचा अक्षय तिथल्या काचेच्या इमारतीत नोकरी करतो. फोटोवरून पुलांच्या आणि भिंतींच्या भेगा ओळखायला तो संगणकाला शिकवतो. म्हटलं, हा तरी नेमका आपल्याच कामाचा. त्यानं आम्हांला खालच्या मजल्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसवलं, लॅपटॉप उघडला, फोटो टाकला. क्षणात भेगेभोवती लाल चौकट आली.

"बघा ताई, डिटेक्ट झाली!"

"भेग हाये हे मलाही दिसतंय, भाऊ."

दुसरी लाल चौकट भिंतीवरच्या पालीभोवती आली होती. तिसरी एका लेकरानं कोळशानं काढलेल्या नदीभोवती.

अक्षय ओशाळला. "ॲक्च्युअली मॉडेल काँक्रीटवर ट्रेन झालंय. दगडमातीचा डेटाच नाही ना कुणाकडे. तुम्ही गावातल्या सगळ्या भिंतींचे फोटो पाठवाल का? भारी पेपर होईल."

"पेपर झाल्यावर सांगशील, बसवायची का नाही ते?"

"नाही, म्हणजे... ते मॉडेलचं काम नाही."

पुन्हा कर्वेनगर. पूर्ण शहर आडवं कापून, मेट्रोच्या खांबांखालच्या धुळीतून. परिषदेचा शेवटचा दिवस होता, शाली-श्रीफळं चालू होती. बांधकामशास्त्राचे प्राध्यापक आम्हांला जेवणाच्या रांगेत गाठावे लागले. हातात ताट, ताटात मसालेभात. त्यांनी ताट बाजूला ठेवून फोटो पाहिले आणि पहिल्यांदाच कुणीतरी नेमके प्रश्न विचारले. भिंत किती जाड? बाहेरून फुगलीय का? धाब्यावर माती किती? कल्पनाताईंनी भराभर उत्तरं दिली. सरांचा चेहरा उतरत गेला.

"सर, एकच सांगा. लेकरं बसवायची का नाही?"

"माझी असती तर बसवली नसती."

मला वाटलं, मिळालं! मी म्हटलं, "एवढंच लिहून द्या."

सरांनी ताट पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, "ते माझं व्यक्तिगत मत झालं. संशोधक म्हणून मला असं लिहिता येत नाही. प्रत्यक्ष पाहणी नाही, मोजमाप नाही."

"मग संशोधक म्हणून तुम्ही तुमची लेकरं बसवाल का?" कल्पनाताईंनी विचारलं. आवाज न चढवता, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून.

पाहणीला या म्हटलं, तर परीक्षा तोंडावर होत्या आणि बाहेरच्या कामाला कॉलेजची परवानगी लागत होती. तरी ते वाईट माणूस नव्हते. बसून त्यांनी कॉलेजच्या कागदावर मजकूर लिहिला, सही केली, शिक्का मारून आणला. छायाचित्रांवरून व तोंडी माहितीवरून धोक्याबाबत निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे. त्यांच्या मते ही आम्हांला मदत होती. आमच्याही मते होती. मी तो कागद फाइलमध्ये घातला आणि वाकडेवाडीच्या स्टँडवर आम्ही आनंदानं वडापाव खाल्ला, एवढ्या आम्ही शहाण्या.

तालुक्याच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. चेहरा उजळला त्यांचा. "हे बघा, पुण्याच्या तज्ज्ञांनीच दिलंय! धोका निश्चित नाही." मी भांडले. अधिक अभ्यास करा असं पुढे लिहिलंय, ते वाचा म्हटलं. साहेब म्हणाले, "करतील की अभ्यास. तोवर चालू ठेवा." आणि फाइलवर शेरा मारला: तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार तूर्त धोका आढळत नाही, सबब पर्यायी खोलीची गरज नाही. जाण्याआधी आमच्या हातात निदान शंका होती. ती आम्ही पुण्याला नेली आणि तिच्यावर शिक्का मारून आणला.

घरी येऊन पत्रक लिहायला बसले. कुणाविरुद्ध लिहू? आवाज कुठून येतो ते एकीला माहीत आहे, दगड किती जुना ते एकाला, भेग कुठे आहे ते यंत्राला, आणि भिंत पडू शकते हे एकाला. चौघांचंही खरं आहे. आपल्या विषयाची हद्द कुठे संपते, हे या माणसांना बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांपेक्षा पक्कं ठाऊक असतं, आणि आमची लेकरं बसतात ती जागा कुणाच्याच हद्दीत येत नाही. विद्या कमी पडली असती तर मी आणखी विद्या मागितली असती. पुण्यात तिची काय कमी होती? पत्रक अजून कोरंच आहे.

सोमवारी अंगणवाडी उघडली. मी दारातून पाहत होते. कल्पनाताईंनी लेकरांच्या जागा बदलल्या. ज्यांना पळता येतं ती आत, नुकती चालायला लागलेली उंबऱ्यालगत. खिचडीचं पातेलं मध्ये. मग त्यांनी स्वतःचं बसकर उचललं, भेगेपाशी टाकलं, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि गाणं सुरू केलं.