पाडव्याची किल्ली

अक्का गेल्याचं कोर्टातल्या पट्टेवाल्यानं येऊन सांगितलं, तेव्हा माझं ट्रेडल चालू होतं. पायानं चालवायचं ते जुनं छपाई मशीन, त्याचा खडखडाट मोठा. मी पाय थांबवला. मशीन लगेच थांबत नाही, आणखी दोन-तीन वेळा रिकामंच उघडलं-मिटलं. पट्टेवाला दारातच टोपी हातात घेऊन उभा होता. मी त्याला बस म्हणालो नाही, चहाही विचारला नाही. संध्याकाळी अक्कांचे धाकटे भाऊ पारनेरहून आले. दशक्रियाविधीची पत्रं छापायची होती, आणि ती दुसरीकडे कुठं छापणार? मजकूर घेऊन मी अक्षरांचे खिळे जुळवायला बसलो. अक्कांचं नाव मी आयुष्यात किती वेळा जुळवलं असेल! त्यांच्या पत्राच्या कागदांवर, नोटिशीच्या नमुन्यांवर… बोटांना पाठच होतं. पण नावाच्या आधी ‘कै.’ लावायचं होतं आणि तिथं हात अडला तो अडलाच. कसंबसं उरकलं. प्रूफ काढलं आणि सवयीनं तांबडी पेन्सिल शोधायला लागलो. माझी प्रुफं अक्का तपासायच्या. ऱ्हस्व-दीर्घाला मी कच्चा, आणि त्यांना चूक दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी प्रूफ तसंच टेबलावर राहिलं.

ज्यांना अक्का ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नगरच्या बाजारात आमचा एक बोळ आहे. सायकलवाला, शिंपी, तांबट, सोडावॉटरवाला, बांगडीवाला आणि मी छापखानेवाला, असे सगळे किरकोळ लोक. गाळे सगळे एकाच शेठचे, आम्ही भाडेकरू. तांबटाच्या दुकानावरच्या माडीत अक्कांचं ऑफिस होतं. नगरच्या कोर्टात तेव्हा काळा कोट घातलेली बाई म्हणजे लोक वळून बघायचे. सुरुवातीला आम्हीही बघितलं, खोटं कशाला बोलू? बाईमाणूस काय वकिली करणार, असं बोळातल्या प्रत्येकाच्या मनात होतं, आणि सहा महिन्यांत त्याच प्रत्येकाला कुठलाही कागद आला की माडीची पायरी आठवायला लागली. शॉप अ‍ॅक्टचा इन्स्पेक्टर आला, चला अक्कांकडे. म्युनिसिपालटीची नोटीस आली, चला अक्कांकडे. भागीदार रुसला, चला अक्कांकडे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची आमच्यापैकी कुणाची टाप नव्हती.

त्यांची एक तऱ्हा होती. दुकान बघितल्याशिवाय सल्ला द्यायच्या नाहीत. तुम्ही माडीवर जाऊन कितीही कळवळून सांगा, त्या म्हणायच्या, “उद्या येते तुझ्याकडे, तिथं बोलू.” आणि खरंच यायच्या. गिऱ्हाईक येत-जात असायचं, त्या कोपऱ्यात स्टूल ओढून बसायच्या आणि नुसत्या बघायच्या. विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे, पाटी कुणाच्या नावाची आहे, मागचं दार कुठं उघडतं, माल उतरवताना रस्ता कुणाचा वापरता… असलं काय काय विचारायच्या. आम्हाला वाटायचं, बाई विषय सोडून भलतंच विचारतेय. पण भांडण नेमकं त्या भलत्यातूनच निघायचं. माझ्याकडचं स्टूल त्यांना आवडायचं, कारण ते दारातून येणाऱ्या उजेडात होतं. फी मात्र घ्यायच्या. मी एकदा म्हणालो, अक्का, आमच्यासारख्यांकडून कशाला? तर म्हणाल्या, “फुकट सांगितलेलं तू ऐकणार आहेस का? लई शहाणा हायेस!” राग आला की त्या अशा पारनेरच्या बोलीत शिरायच्या. एरवी त्यांचं बोलणं कोर्टातल्यासारखं स्वच्छ, पण चिडल्या की गाव बाहेर यायचं. मला तर वाटतं, त्यांचं ते चिडणं ऐकायलाच आम्ही अर्ध्या चुका करायचो.

आता किल्लीचं सांगतो. आमच्या बोळात जुना रिवाज होता. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी प्रत्येक भाडेकरूनं आपापल्या गाळ्याची किल्ली थोरल्या शेठच्या हातात ठेवायची. शेठ तिला हळदकुंकू लावायचे, “भरभराट होऊ दे” म्हणायचे आणि पेढ्यासकट परत द्यायचे. माझ्या वडिलांनी ठेवली, मीही ठेवत आलो. थोरले शेठ होते तोवर त्यात वावगं काही वाटलं नाही, उलट ते हातावर पेढा ठेवायचे तेव्हा घरचं कुणी ठेवतंय असं वाटायचं. ते वारले आणि पुढच्या पाडव्याला त्यांच्या जागी मुलगा बसला. माझा नंबर आला. मी किल्ली दिली. त्यानं हळदकुंकू लावलं, पेढा दिला आणि म्हणाला, “किल्ली राहू दे, उद्या बोलू.” मी आपला पेढा खात घरी आलो! दुसऱ्या दिवशी गेलो तर गाळ्याला दुसरं कुलूप. आत माझं मशीन, खिळ्यांच्या पेट्या, तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नपत्रिकांचे अर्धे जुळवलेले मजकूर. शेठचा मुलगा म्हणाला, “तुम्ही स्वखुशीनं किल्ली दिलीत. गाळा सोडलात. सगळ्यांनी बघितलंय.”

अक्का दरवर्षी दिवाळीला पारनेरला भावाकडे असायच्या, त्यामुळे हा रिवाज त्यांना माहीतच नव्हता. त्या परत आल्या तशी मी माडीवर गेलो आणि सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे, भाड्याच्या पावत्या ठेव म्हणाले, पाटीवर नाव घाल म्हणाले, मीटरचं बघ म्हणाले… किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस हे सांगायचं माझ्या डोक्यात तरी कसं यावं? किल्ली कोन देतं रं?” मी मान खाली घालून बसलो. मग त्याच मला म्हणाल्या, “पाणी पी. तुला जबरदस्तीनं बाहेर काढलंय, सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. आपण उद्याच मागू.” आणि मागितली. पण निकाल लागेपर्यंत खायचं काय? चाळिशी आलेली असताना मी दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे जुळवायला उभा राहिलो. मालक माझ्याहून लहान होता आणि मला ‘ए’ म्हणायचा. ते दुष्काळाचं वर्ष. पाऊस नाही, बाजारात माणूस नाही. छापखाना गेला तर आम्ही गेलो, हे मला आणि माझ्या बायकोला, सुशीलाला, चांगलंच कळत होतं.

अडचण साक्षीची होती. रिवाजाची कुठं नोंद असते? बोळातल्या लोकांनी येऊन सांगायला हवं होतं की किल्ली सगळेच देतात आणि ती परत मिळते. पण सगळ्यांचे गाळे त्याच शेठचे! अक्का एकेका दुकानात जाऊन बसल्या. सायकलवाले गफूरभाई माझे शेजारी, तीस वर्षांचा घरोबा. ते म्हणाले, “अक्का, आमी खरं बोलू, पन उद्या आमालाबी काढतील. पोरंबाळं हायेत.” अक्कांनी आग्रह केला नाही. दुपारभर त्यांच्या दुकानात बसल्या, पंक्चर काढताना बघत राहिल्या. उठताना म्हणाल्या, “साक्षीदारांत तुमचं नाव नाही घालत, गफूरभाई. फक्त येत्या पाडव्याला किल्ली देऊ नका.” मला राग आला. मी म्हणालो, अक्का, असं सोडून कसं दिलंत? त्या म्हणाल्या, “त्यांच्याही दुकानाची वकील मीच आहे ना?” तेव्हा माझा पारा चढलेला होता, मी तोंड फिरवून निघून आलो.

उन्हाळ्यात माझी साक्ष झाली. समोरच्या वकिलानं विचारलं, “किल्ली तुम्ही स्वतःहून दिलीत?” मी म्हणालो, “हो, स्वतःहून.” मला वाटलं, संपलं. अक्का नेमक्या तेव्हा उभ्या राहिल्या आणि टेबलाचा कोपरा धरून पुन्हा बसल्या. बसून बोलायची परवानगी त्यांनी जज्जसाहेबांकडे मागितली. आम्हाला वाटलं, ऊन लागलं असेल. पोटात आजार वाढतोय हे त्यांना तेव्हाच माहीत होतं, हे आम्हाला आता कळतंय… कुणालाच काही सांगितलं नाही त्यांनी. पदराखाली एक हात पोटावर दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हातानं कागद उलटायच्या. पुढच्या तारखेला आम्ही कोर्टाच्या ओसरीवर उभे होतो, आमच्याकडून बोलायला कुणी नव्हतं, आणि पाहतो तो गफूरभाई आपली सायकल भिंतीला टेकवत होते. स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी. अक्कांना म्हणाले, “घाला नाव. रातभर झोप न्हाई.”

अक्कांनी बसूनच विचारलं, “तुम्ही पाडव्याला किल्ली दिलीत?”

“दिली ना.”

“का दिलीत?”

“पाडवा हुता.”

“म्हणजे तुम्ही दुकान सोडलंत?”

गफूरभाई साहेबांकडे बघून म्हणाले, “बाई काय इचारतात! दुकान सोडून जाऊ कुठं? किल्ली मानाची देतो आमी, पेढ्यासंगट परत मिळती.”

त्यांच्या मागोमाग शिंपी आला, मग बांगडीवाला. एकानं तोंड उघडलं आणि सगळ्यांचं धैर्य जमलं. दिवाळीच्या थोडं आधी निकाल लागला. बेलिफानं शेठच्या मुलाचं कुलूप काढलं आणि त्याच्याकडून घेतलेली माझी किल्ली माझ्या हातात ठेवली. तिच्यावर गेल्या पाडव्याचं कुंकू अजून खाचेत चिकटलेलं होतं. मी आत गेलो, मशीनवर हात फिरवला आणि सरळ रडलो. अक्का स्टूल पुसून बसल्या आणि म्हणाल्या, “रडून झालं की मीटर नावावर करायचा अर्ज लिही.”

त्या पाडव्याला अक्का पारनेरला गेल्या नव्हत्या. प्रवास झेपत नाही म्हणाल्या. आम्ही बोळातले सगळे ताटात किल्ल्या घेऊन माडीवर गेलो. म्हटलं, आता मान अक्कांचा. ताट बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा जो तापला! “तुमाला कायबी अक्कल न्हाई का रं? वरीसभर कोर्टात मी काय केलं? कुनाच्याबी हातात किल्ली द्यायची न्हाई. माझ्यासुदिक न्हाई!” आम्ही हसत, शिव्या खात, आपापल्या किल्ल्या घेऊन खाली आलो. मागं वळून पाहिलं तर त्या दाराला टेकून उभ्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांना इतकं हळवं मी पुन्हा कधी बघितलं नाही.

शेवटची भेट यंदा गणपतीत झाली. वाळलेल्या दिसत होत्या. स्टुलावर बसताना मशीनचा आधार घेतला. मीटर माझ्या नावावर झाल्यावरचं बिल मी दाखवलं, ते त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं, घडी घालून परत दिलं. “बरं झालं,” म्हणाल्या. चहा अर्धाच घेतला. जाताना पायरीशी मी हात पुढं केला, तर तो घेतला. एरवी कधी घेतला नसता. घटस्थापनेच्या आधीच त्या गेल्या.

या दिवाळीत पाडव्याला सुशीलानं मशीनची पूजा केली, किल्लीला हळदकुंकू लावून ती माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांची सवय… किल्ली हातात आली की ती पुढं कुणाच्या तरी हातात ठेवावीशी वाटते. कुणाच्याही हातात द्यायची नाही, अक्कांचा हुकूम. मी म्हटलं, स्टूल काही कुणी माणूस नव्हे. दारातल्या उजेडातल्या त्या स्टुलावर मी किल्ली ठेवली, शेजारी पेढा ठेवला आणि उभा राहिलो. बोळात फटाके वाजत होते. शेजारी गफूरभाईंनी शटर वर केलं. मी तसाच उभा होतो. बऱ्याच वेळानं सुशीला म्हणाली, “अहो, घ्या ना आता.”

मी म्हणालो, “थांब जरा. परत द्यायला हवी ना कुणी तरी.”